बिजलीरावाचा नमस्कार

नांदुऱ्याच्या बाजारपेठेत वामनरावांचं कापडाचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या दारात इंद्रभान उभा राहायचा. कापड फाडणं, मोजणं, घडी घालणं ही कामं गादीवरच्या माणसांची. इंद्रभानचं काम गिऱ्हाईक आत आणायचं. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात धुतलेला सदरा आणि तोंडावर असं हसू, की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, आपलंच काहीतरी या दुकानात राहून गेलंय. स्टेशनाकडून येणारा माणूस अजून पानठेल्यापाशी असतानाच इंद्रभान चालीवरून ओळखायचा, हा कुठल्या गावचा, कशासाठी आला, आणि याला बसवायचं कुठं.

बसवायचं कुठं, हा प्रश्न असायचाच, कारण दुकानाला दोन वाटा होत्या. समोरच्या पायऱ्या चढून गेलं की पांढरी गादी, लोड-तक्के आणि डोक्यावर पंखा. दुसरी वाट कडेनं, ओट्याच्या टोकाला. तिथं मांजरपाट आणि जाडंभरडं कापड रचलेलं असे आणि गिऱ्हाइकानं खालीच उभं राहून ते घ्यायचं असे. कोणी कोणत्या वाटेनं यावं, याची पाटी कुठं नव्हती. इंद्रभानच्या कमरेवरून ते लोकांना कळायचं. मोठा पाटील आला की तो कमरेतून वाकायचा. बऱ्यापैकी शेतकरी आला की छातीशी हात जोडून "राम राम, या" म्हणायचा. आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतली बाई दिसली की हात कडेला करून सांगायचा, "इकडून या, इकडून." त्याच्या बोलण्यात कधी राग नसे. आपण तीन तऱ्हेनं वागतो हे त्याला कोणी सांगितलं असतं, तर त्याला नवल वाटलं असतं.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. गावात वीज आली होती, कापसाच्या जिनिंगमध्ये नव्या मोटारी बसल्या होत्या, आणि वामनरावांना दरवर्षी खरेदीला मुंबईला गेलं की काहीतरी नवं दिसायचं. त्या वर्षी त्यांना एका मोठ्या साडीच्या दुकानात काचेच्या दाराआड उभा असलेला माणूस दिसला. गिऱ्हाईक आलं की तो हात जोडी आणि मान लववी. वामनरावांनी परत नमस्कार केला, दोन शब्द बोलले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हा माणूसच नव्हे. गणपतीचे हलते देखावे करणाऱ्या एका कारखान्यानं तो केला होता. वामनराव तसेच त्या कारखान्यात गेले आणि आपल्यासाठी एक सांगून आले.

दसऱ्याच्या आधी नांदुरा स्टेशनवर खोकं उतरलं. बैलबंडीतून ते दुकानापाशी आणलं तेव्हा निम्मी पेठ मागं चालत होती. आत गवतात निजलेला माणूस निघाला. गोरा गुलाबी चेहरा, बारीक मिशी, लाल फेटा, गळाबंद कोट. पाठीत एक दार होतं आणि त्या दारात मोटार. वामनराव त्याला यंत्रमानव म्हणत. वर्तमानपत्रात वाचलेला शब्द होता तो. पण वीज जोडायला आलेल्या वहाब मिस्त्रीनं त्याला पाहिलं, सलाम ठोकला आणि म्हणाला, "आवो बिजलीराव!" संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेठेत तेच नाव झालं.

समोरच्या सर्वांत खालच्या पायरीवर एक फळी बसवली होती. फळीवर पाय पडला की आत खटका बसे, पाठीत घर्रर्र होई, दोन्ही हात छातीशी येत आणि मान खाली झुके. पुन्हा घर्रर्र, आणि मान वर.

इंद्रभान हे सगळं खांबाला टेकून पाहत होता. शेवटी त्यानं विचारलं, "मालक, मंग मी?"

"तू कुठी चालला?" वामनराव हसले. "त्याले पुसाले, त्याच्यावर ध्यान ठेवाले माणूस लागते ना. तू बस आता. लय वर्सं उभा राह्यला."

दाराच्या आत, बिजलीरावाच्या मागं, इंद्रभानसाठी स्टूल ठेवलं गेलं. पहिल्या दिवशी तो त्यावर बसला आणि त्याला पायांचं काय करावं ते कळेना.

पहिले काही दिवस बिजलीरावापुढं जत्रा भरली. खेड्यापाड्यांतल्या बायका त्याला पाहून डोक्यावरचा पदर पुढं ओढत आणि तोंड फिरवून वर चढत. परका पुरुष तो परका पुरुष. एका म्हाताऱ्यानं त्याला तंबाखूची चंची पुढं केली आणि तो घेत नाही म्हणून रागावून निघून गेला. एक बकरी फळीवर चढली. बिजलीरावानं तिलाही हात जोडले, तेव्हा गादीवरची माणसं पोट धरधरून हसली.

आणि तो बिघडायचाही. कापसाचे दिवस होते. जिनिंगकडं जाणाऱ्या बंड्यांची रांग रस्त्यानं असे, आणि हवेत उडणारी रुई बिजलीरावाच्या पाठीतल्या दारातून आत शिरून दात्यांमध्ये अडके. मग हात अर्ध्यावर थांबत, जणू तो कोणाला ओवाळतोय. वहाबला बोलवावं लागे. तो पाठ उघडून चिमट्यानं रुई काढी आणि बडबडे, "मुंबईत हा काचेच्या आत उभा राहत होता, इंद्रभानभाऊ. ना धूळ, ना रुई, ना बकरी. इथं त्याले रस्त्यावर आणून उभा केला. अब सीखेगा बेचारा."

बाजाराच्या दिवशी वडनेर भोलजीची जनकाबाई आली. वयानं पन्नाशीच्या पुढची, विधवा, लोकांच्या शेतात कापूस वेचायला जाणारी. तिच्या वस्तीनं बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्याला दहा-बारा वर्षं झाली होती. या दुकानात ती पूर्वीही यायची, ओट्याच्या टोकाला उभी राहून लुगडं घेऊन जायची. इंद्रभान तिला ओळखत होता. नावानं नव्हे, "वडनेरची बाई" म्हणून. त्या दिवशी कडेच्या वाटेवर बिजलीरावाला पाहणाऱ्यांची दाटी होती. तिथून काही दिसेना म्हणून ती पुढं झाली, आणि पुढं होताना तिचा पाय फळीवर पडला.

घर्रर्र झालं. बिजलीरावानं हात जोडले आणि मान झुकवली.

जनकाबाईनं आधी मागं वळून पाहिलं. आपल्यामागं कोणी मोठा माणूस आला असेल, असं तिला वाटलं. मागं कोणी नव्हतं. ती परत वळली, डोक्यावरचा पदर नीट केला, सावकाश हात जोडले आणि म्हणाली, "जय भीम."

मग तिनं इंद्रभानला विचारलं, "हा सगळ्याइलेच करते का जी?"

"हाव. फळीवर पाय पडला का करते."

"कोणाचाबी?"

"अवो, बकरीलेही केला त्यानं."

"मंग बकरी वर जाऊन गादीवर बसली का नाही?" असं म्हणून ती हसली, आणि हसता हसताच पायऱ्या चढून गादीच्या काठावर बसली.

गादीवरच्या माणसानं वामनरावांकडं पाहिलं. वामनरावांनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं, बाहेरची गर्दी पाहिली, आणि मानेनंच सांगितलं, दाखव कापड. जनकाबाईनं पोलक्याचं कापड घेतलं, पंख्याखाली निवांत बसून घेतलं. जाताना पुन्हा एकदा फळीवर पाय ठेवला.

पुढच्या बाजारी तिच्याबरोबर वस्तीतल्या आणखी बायका आल्या. त्याच्या पुढच्या बाजारी आसपासच्या गावांमधल्या आल्या. त्या फळीवर एकेक करून उभ्या राहत, नमस्कार घेत, आपला देत, आणि वर चढत. बिजलीरावाला शब्द नव्हते, त्यामुळं ज्याला त्याला आपला शब्द म्हणता येई. कोणी राम राम म्हणे, कोणी सलाम, कोणी जय भीम. ओट्याच्या टोकाची वाट ओस पडली आणि गल्ला मात्र भरू लागला. वामनराव खूश होते.

मग वरवट बकालचे उकंडराव पाटील आले. मोठी शेती, मोठं खटलं, आणि थोरल्या मुलीचं लग्न ठरलेलं. लग्नाचा बस्ता, म्हणजे दोन्हीकडच्या मंडळींचं सगळं कापड, या दुकानातून जायचं होतं. पाटील बैलांच्या दमणीतून उतरले तेव्हा त्यांच्या पुढंच वस्तीतल्या दोन बायका फळीवर उभ्या होत्या. बिजलीरावानं त्यांना नमस्कार केला. बायका वर गेल्या. पाटलांनी फळीवर पाय ठेवला. बिजलीरावानं त्यांनाही नमस्कार केला; तेवढाच, तसाच, केसभर कमी नाही की जास्त नाही.

पाटील आवाज चढवणारे नव्हते. गादीवर बसले, चहा घेतला, आणि पान लावता लावता म्हणाले, "वामनराव, तुमच्या बिजलीरावाले माणूस ओळखू येत नाही वाटते."

"मशीन हाय, पाटील. त्याले काय समजते?"

"हाव, थेही खरंच." पाटलांनी पान तोंडात टाकलं. "बस्ता पुढच्या बाजारी पाहू मंग. तवरीक त्याले शिकवा जराक."

दमणी वळली तशी वामनरावांनी वहाबला बोलावणं धाडलं.

वहाबनं फळीची वायर काढली. तिच्याऐवजी एक लांब वायर बिजलीरावाच्या पाठीतून स्टुलापर्यंत आणली आणि तिच्या टोकाला घंटीचं बटण लावून ते इंद्रभानच्या हातात दिलं. दाबलं की नमस्कार, नाही दाबलं की नाही.

"बटण लावून देल्लं," वहाब पक्कड पिशवीत टाकत म्हणाला. "पण कोनाले दाबाचं अन् कोनाले नाही, थे मले इचारू नोका."

"थे मले ठाऊक हाय," इंद्रभान म्हणाला. आणि त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक अनोळखी माणूस आला. पांढरे कपडे, हातात छत्री. शाळामास्तर असावा, की कुणाचा कारकून? इंद्रभानचं बोट बटणावर थबकलं. तो ठरवीपर्यंत माणूस पायऱ्या चढून गेलाही. मग एक शेतकरी आला, गुडघ्यापर्यंत चिखल, फाटका सदरा. पण इंद्रभान त्याला ओळखत होता, घरची विहीरबागायत होती त्याची. दाबलं. त्याच्या पाठोपाठ त्याचा सालदार गडी चढत होता. हात जोडून झालेला बिजलीराव मान वर करत असतानाच सालदाराला वाटलं आपल्यालाच केला. त्यानंही हात जोडले. आता हा नमस्कार कुणाचा धरायचा?

दुपारपर्यंत इंद्रभान घामाघूम झाला. आजवर उभ्या आयुष्यात त्याला हे कधी ठरवावं लागलं नव्हतं. माणूस दिसायचा आणि कंबर आपोआप जितकी वाकायची तितकी वाकायची. आता प्रत्येक माणसापाशी त्याला थांबून स्वतःलाच विचारावं लागत होतं, याला द्यायचा की नाही? आणि नाही, तर का नाही? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पटकन येई. दुसऱ्याचं येत नसे.

संध्याकाळी जेवताना त्यानं बायकोला विचारलं, "तानू, मी लोकाइले नमस्कार कसा करतो व?"

तानुबाई भाकरी थापता थापता थांबली. "काऊन? आज काय झालं?"

"सांग ना."

"एखाद्या पाटलाची दमणी गल्लीत शिरली, का तुमी बाजेवरून उठून उभे राह्यता. अन् माहा भाऊ घरी आला, का बसल्या जागूनच मान हालवता." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "त्यालेही समजते थे. बोलत नाही तो."

मेहुण्याला समजत असेल, असं इंद्रभानच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

बाजाराचा दिवस उजाडला. पाटलांची मंडळी सकाळीच आली. पाटील, त्यांच्या पत्नी शालूबाई, आत्या, मावश्या, पोरीबाळी. इंद्रभाननं बटण दाबलं, बिजलीराव झुकला, पाटील समाधानानं हसले आणि बस्ता सुरू झाला. गादीवर शालूंच्या आणि पातळांच्या घड्या उलगडू लागल्या. वामनराव स्वतः कापड दाखवत होते, तरी त्यांचा एक डोळा दारावर होता. इंद्रभानची नजर त्यांच्या नजरेला मिळाली की ते हलकेच भुवई उचलत.

तेवढ्यात जनकाबाई आली. बरोबर तिची सून गीताबाई, आणि गीताबाईच्या काखेत बाळ. गीताबाई बाळंतपणाहून नुकतीच सासरी आली होती. बिजलीरावाबद्दल तिनं सासूकडून इतकं ऐकलं होतं, की कापड घेण्यापेक्षा तिला त्याचीच हौस होती.

"ठेव पाय," जनकाबाई म्हणाली. "फळीवर ठेव, अन् पाह्य."

गीताबाई लाजत फळीवर उभी राहिली. बाळाचं तोंड तिनं बिजलीरावाकडं वळवलं.

काहीच झालं नाही.

"जोरानं दाब."

गीताबाईनं दोन्ही पाय ठेवले, टाचा आपटल्या. बिजलीराव समोर रस्त्याकडं पाहत उभा.

"आज बिघडला का जी हा?" जनकाबाईनं आत वाकून विचारलं.

गादीवरून वामनरावांची नजर इंद्रभानवर खिळली होती. बटण त्याच्या मुठीत होतं. "हाव," तो म्हणाला. "बिघडला."

आणि तेवढ्यात बायकांच्या मागून पाटलांचे मेहुणे पायऱ्यांपाशी आले. कडक इस्त्रीचं धोतर, बोटात अंगठ्या. इंद्रभाननं काही ठरवलं नाही. त्याचं बोट आपलं आपणच दाबलं गेलं.

घर्रर्र झालं. हात जोडले गेले, मान झुकली.

"केला, केला!" गीताबाई आनंदानं सासूकडं वळून ओरडली. "मामी, पाह्यलं का? मले केला त्यानं! बाळाले केला!"

जनकाबाईनं बिजलीरावाकडं पाहिलं नाही. तिची नजर त्याच्या पाठीतून निघालेल्या वायरवर गेली, वायरबरोबर जमिनीवरून सरकत स्टुलापर्यंत आली आणि इंद्रभानच्या मुठीवर थांबली. अंगठ्यावाले मेहुणे तिला वळसा घालून वर चढून गेले. ती किंचित पुढं वाकली आणि सुनेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात इंद्रभानला म्हणाली, "बिघडला नाही तो. शिकला."

मग ती सरळ झाली. "चाल गीता. कापड दुसरीकडे पाहू."

"काऊन मामी? आता तर त्यानं केला."

"चाल म्हणते ना."

त्या दोघी गर्दीत मिसळल्या. बाळ आईच्या खांद्यावरून बिजलीरावाकडं टकमक पाहत होतं. इंद्रभानला उठावंसं वाटलं, हाक मारावीशी वाटली; पण हाक काय म्हणून मारायची, तिचं नावही त्याला ठाऊक नव्हतं. तो बसूनच राहिला. पाटलांचा बस्ता दुपार टळून गेली तरी चालला होता, आणि त्यातल्या प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यानं बटण दाबून नमस्कार घातला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या त्यानं बटण वामनरावांच्या पुढ्यात ठेवलं. "मालक, हे मले जमत नाही."

"दाबाले काय जड जाते बे?"

"दाबाले नाही जात. न दाबाले जाते."

वामनराव त्याच्याकडं पाहत राहिले. त्यांना राग आला होता, पण इंद्रभान त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा माणूस. "बरं," ते म्हणाले. "तुले नाही जमत तर मी दाबतो. त्यात काय हाय?"

त्यांनी वायर लांब करून घेतली आणि बटण गादीवर मांडीपाशी ठेवलं. पण दुकानदाराचं लक्ष कापडात, गजात आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर. दाराकडं पाहायला त्यांना सवड कुठली? कधी ठाण ओढताना गुडघा बटणावर पडे आणि बिजलीराव रिकाम्या रस्त्याला नमस्कार घाली. कधी वामनराव तक्क्याला रेलून हिशेब समजावत बसत आणि तो वाकतच राही, वाकतच राही. शाळेत जाणारी पोरं पुढं उभी राहून टाळ्या पिटत. शालूबाई एक पातळ बदलायला आल्या, तेव्हा तर वामनराव पाठमोरे होते. पाटलीणबाई फळीवर ताटकळल्या आणि फणकारून वर आल्या.

यापेक्षा दुसरी गोष्ट वामनरावांना जास्त टोचली. वस्त्यांमधल्या बायका येईनाशा झाल्या. समोरून नाहीत आणि कडेच्या वाटेनंही नाहीत. एकदा गादीवर बसलेली माणसं परत खाली उभी राहायला तयार नव्हती. त्यांनी चौकापलीकडचं दुकान धरलं. वामनराव न्याय-अन्यायाचा फार विचार करणारे गृहस्थ नव्हते, पण धंद्याचा वारा त्यांना बरोबर कळायचा. पाटलाच्या घरचा बस्ता काही वर्षांतून एकदा निघतो आणि पोलकी बारा महिने फाटतात. थंडी सरता सरता त्यांनी वहाबला बोलावलं आणि म्हणाले, "लाव बाप्पा पहिलेसारखी फळी. कोणाले करते, थो अन् त्याची फळी पाहून घेतीन."

वहाबनं बटण काढून पिशवीत टाकलं.

उन्हाळ्यात विजेचा जोर कमी पडू लागला. दुपारी पंखे रेंगाळत आणि बिजलीरावाचे हात छातीपर्यंत येता येता दमून जात. तेव्हा वामनरावांनी इंद्रभानला पुन्हा दारात उभं केलं, बिजलीरावाच्या बाजूला.

इंद्रभान उभा राहिला आणि पहिलं गिऱ्हाईक समोर आलं तशी त्याची पंचाईत झाली. कंबर पूर्वीसारखी आपली आपण वाकेना. मध्येच कोणीतरी आतून विचारी, किती? मग त्यानं एकच ठरवून टाकलं. दोन्ही हात छातीशी, मान खाली, सगळ्यांना एवढंच. सुरुवातीला त्याला फार अवघड गेलं. मोठा माणूस आला की पाठीचा कणा सवयीनं पुढं ओढला जाई, आणि गरीब आला की हात जड होत. दिवसभरात एवढं थकायला होई, की पूर्वी बंडीभर कापडाच्या गठाणी उतरवतानाही झालं नव्हतं. वामनरावांनी हे पाहिलं असावं. ते काही बोलले नाहीत.

उकंडराव पाटील मात्र बोलले. पायरीवर थांबून त्यांनी त्याला खालवर न्याहाळलं. "काय इंद्रभान, कंबर दुखते का?"

"हाव पाटील," इंद्रभान म्हणाला. "वय झालं आता."

वस्त्यांमधल्या बायका हळूहळू परतल्या, सगळ्या नाहीत. एकीला त्यानं विचारलं, "थे वडनेरची बाई येत नाही आजकाल?" "जनका होय ना? ते नाही येत," एवढंच बोलून ती वर चढली. म्हणजे जनकाबाई. नाव त्याला तेव्हा कळलं.

वैशाखात वडनेर भोलजीला तानुबाईच्या भावाकडं लग्न होतं. इंद्रभाननं या वेळी मेहुण्याला उठून, दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मेहुणा इतका गोंधळला, की त्यानं आधी तानुबाईकडं पाहिलं. जेवणं आटोपली, माणसं मांडवात आडवी झाली, तेव्हा इंद्रभान उठला आणि विचारत विचारत वस्तीत गेला.

जनकाबाईच्या घरापुढं लिंबाची सावली होती. गीताबाईनं त्याला ओळखलं. "तुमी त्या बिजलीरावाचे ना?" असं म्हणत तिनं बाज टाकली. मग ती आत गेली, पाण्याचा गिलास घेऊन आली, आणि दोन पावलं अलीकडंच थांबली. तिला प्रश्न पडला होता, तो तिनं विचारला नाही. इंद्रभाननं हात पुढं करून गिलास घेतला. आयुष्यात वस्तीतल्या घरचं पाणी तो पहिल्यांदा पीत होता, आणि आजवर कधी प्यालो नाही हेही त्याला आधी जाणवलं नव्हतं. पाणी थंड होतं. त्यानं गिलास रिकामा केला.

थोड्या वेळानं जनकाबाई डोक्यावर कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भारा घेऊन आली. भारा टाकून तिनं कपाळावरचा घाम पुसला आणि त्याच्याकडं पाहिलं. "इकडे कसे काय आले?"

"सोयऱ्याकडे लग्न होतं." तो थांबला. "त्या दिवशी बटण माह्या हातात होतं."

"पाह्यलं म्या."

"आता नाही हाय थे. फळी लावली पहिलेसारखी. सगळ्याइले करते तो. तुमी बाजाराले याना."

जनकाबाई उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "मले त्याचा राग नाही आला जी. तुमचाबी फार नाही आला. माहाच आला. एका बाहुल्यानं हात जोडले, तर मी वस्तीभर सांगत फिरली. सुनेले दाखवाले नेलं. त्याले मी कोण हाय थे ठाऊकच नाही, म्हणून तो जोडते. ठाऊक असतं तर?"

बिजलीरावाला काही ठाऊक नव्हतं, हे खरं. पण त्याला स्वतःला सगळं ठाऊक होतं. तेच तर आजवर त्याचं काम होतं. तो बाजेवरून उठला आणि त्यानं हात जोडले. तोंडातून सवयीनं "राम राम" गेलं. ते चुकलं असं वाटून त्यानं घाईघाईनं त्याला "जय भीम" जोडला.

जनकाबाई हसायला लागली. "दोन दोन कशाले? एकच करा, पण बराबर करा."

तोही हसला, आणि मग त्यानं बरोबर केला. तिनंही केला.

"बसा. च्या पिऊन जा," ती म्हणाली. "दूध बाळापुरतंच हाय. कोरा चालन ना?"

"चालन."

चहा होईपर्यंत बाळ रांगत बाजेपाशी आलं. त्याच्या अंगात नवं अंगडं होतं, पण पोटावर आखडून वर चढलेलं आणि बगलेत ताणलेलं. इंद्रभाननं सहज काठ दोन बोटांत धरून चोळून पाहिला, वीण उजेडापुढं धरली.

"चौकापलीकडून घेतलं का हे?"

"हाव. एकदाच धुतलं, तर असं झालं."

"खळ भरलेली हाय याच्यात. पाण्यात पडलं का आखडणारच." त्यानं बाळाला मांडीवर घेतलं आणि बगलेतली शिवण उलटी करून तिला दाखवली. "हे उसवा. आत बोटभर कापड दाबलेलं हाय. तेवढं सोडलं तर दिवाळीलोक जाईन पोराले."

जनकाबाई डोळे बारीक करून शिवण पाहू लागली. आतून गीताबाई चहा घेऊन आली.

"अन् बाजाराले?" इंद्रभाननं विचारलं.

"पाहू," जनकाबाई म्हणाली, आणि सुई-दोरा शोधायला आत गेली.